वरखर्चाचं पाकीट

बाई, गेल्या महिन्यात आपल्या ट्रस्टच्या ऑफिसात एक मुलगी आली आणि तिनं माझ्यासमोर टेबलावर सहा हजार चारशे रुपये ठेवले. मी देणगीचं पावतीपुस्तक पुढं ओढलं, नाव लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, "कोणाच्या स्मरणार्थ वगैरे लिहायचंय का?" ती म्हणाली, "देनगी नाय ताई. परत करायचेत." आठ वर्षांपूर्वी आपण तिची अकरावी सायन्सची फी भरली होती. चार महिने कॉलेजला जाऊन तिनं ते सोडलं. आपल्यामुळं कोणाचे तरी पैसे वाया गेले हे तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं. आता ती नायगावला नव्या टॉवरांखाली एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून तिनं ही रक्कम जमवली होती आणि सुट्टीच्या दिवशी ती पोचवायला आली होती.

ऑफिस म्हटलं की तुम्हाला हसू येईल. तुमच्या वेळी ट्रस्ट म्हणजे वसईजवळच्या पापडी गावातलं तुमचं स्वयंपाकघर. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही फंडाची रक्कम आणि वाडीची एक पट्टी विकून आलेले पैसे बँकेत ठेवलेत, आणि त्याच्या व्याजावर दहावी झालेल्या मुलींची कॉलेजची फी भरायला लागलात. मुलाखती त्या स्वयंपाकघरातच व्हायच्या. मी आईबरोबर आले तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही पाटावर बसून भिजवलेले वाल सोलताय, समोर परात आहे. आम्ही आगाशीहून दोन बस बदलून आलोय. वडिलांचं तिथल्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं, ते बंद पडलंय, आणि आई ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागलीय. तुम्ही तिला थांबवून माझ्या हातावर सुकवलेल्या केळ्याचं सुकेळं ठेवता आणि मला विचारता, "घरी पाणी कोण भरतं? सकाळचा डबा कोण करणार? कॉलेजपर्यंत जाणार कशी?" मार्कांचं तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत, तेही मीच गुणपत्रिका पुढं केली म्हणून.

फीचा चेक तुम्ही कॉलेजच्या नावानं लिहिलात आणि मग डब्यामागून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलंत. त्याला तुम्ही वरखर्च म्हणायचात. मी विचारलं, "याचं काय करू?" तुम्ही म्हणालात, "तुला लागेल ते कर. फी भरली म्हणजे कॉलेजचं दार उघडलं. दारापर्यंत जायला पण पैसे लागतात गं." त्या पैशांतून मी बसचा पास काढला, एक छत्री घेतली आणि दोन ब्रा घेतल्या. तोवर मी आईच्याच जुन्या वापरत होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.

विचारलं मी. एस.वाय.ला असताना मी शनिवारी तुमची वही लिहायला यायचे. एकदा एक मुलगी दुसऱ्या सहामाहीचं पाकीट न्यायला आली. तुम्ही मागीलदारी होतात. मी कॉमर्स शिकत होते, हिशेब नीट हवा असं नुकतंच कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "मागच्या पैशांचं काय केलंस? काही पावत्या आहेत?" तिचं तोंड लालबुंद झालं. पाकीट न घेताच ती निघाली होती. तुम्ही दारातून आत येऊन तिला बसवलंत, खायला दिलंत, पाकीट दिलंत, फाटकापर्यंत सोडायला गेलात. परत आल्यावर माझ्याकडं बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "तुला कधी विचारलं होतं का मी?" त्या दिवशी वही तुमची तुम्ही लिहिलीत. मला घरी जा म्हणालात, रागावून नव्हे, पण जा म्हणालात.

तरीही तुम्ही ट्रस्ट माझ्याच हाती दिलात. मी बँकेत लागले होते, मला आकड्यांतलं कळतं असा तुमचा विश्वास होता. तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा शेवटच्या आठवड्यातही तुम्ही एकच चौकशी केलीत, पाकिटं गेली का. त्या वर्षी गेली होती. त्या वर्षी मी खोटं बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर व्याजदर उतरत गेले आणि कॉलेजांच्या फिया चढत गेल्या. नुसत्या व्याजात भागेना. म्हणून मी एका कंपनीकडं गेले, आणि त्यांनी दरवर्षी चांगली रक्कम द्यायचं कबूल केलं. त्यांचा अधिकारी कागद बघायला आला. सुटाबुटातला, शांत, सभ्य माणूस. तुमच्या वहीचं पान उलटत तो म्हणाला, "हे वरखर्च म्हणजे काय?" मी सांगितलं. "याच्या पावत्या?" मी म्हटलं, "नाहीत." तो "ओके" म्हणाला आणि पुढचं पान उलटलं. एवढंच झालं, बाई. बंद करा असं तो म्हणाला नाही. पण मला त्या क्षणी तुमच्या वहीची लाज वाटली. तुमचं ते किरटं अक्षर, नावापुढं नुसता आकडा, मध्येच हळदीचा डाग. पुढच्या वर्षीपासून पाकीट बंद झालं. फी थेट कॉलेजच्या खात्यात, पावती फाइलला. मुलाखतीही बंद झाल्या, कारण अर्ज वाढले होते आणि फॉर्मवर सगळं येतंच असं मी म्हणायचे. मार्क, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत. पाणी कोण भरतं याला फॉर्मवर रकाना नव्हता. वार्षिक अहवाल चकचकीत कागदावर निघायला लागला. त्यात कितीजणींना प्रवेश मिळवून दिला तो आकडा मोठ्या अक्षरांत असायचा. त्यातल्या शिकून बाहेर किती पडल्या, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही मोजलं नाही.

म्हणून ही मुलगी समोर बसली तेव्हा मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिची फाइल मात्र मी पास केली होती. "का सोडलंस?" मी विचारलं. ती सांगायला लागली. तिचं घर खाडीकडच्या गावात, वडील मिठागरावर. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. घरून रिक्षाचे पैसे रोज मिळायचे नाहीत, तेव्हा ती चालत यायची. सकाळचं पहिलं लेक्चर बुडायचं. प्रॅक्टिकलला ॲप्रन आणि जर्नल लागायचं. जर्नल घेतलं, ॲप्रन मैत्रिणीचा मागून वापरला, पण दोघींचं प्रॅक्टिकल एकाच दिवशी आलं की ती बाहेर उभी. दिवाळीनंतर हजेरी कमी असलेल्यांची यादी बोर्डावर लागली, तिला तिथं डिफॉल्टर लिस्ट म्हणतात, आणि त्यात तिचं नाव होतं. पालकांना घेऊन या म्हणाले. "बाबा एक दिवसाचा रोज बुडवून कुठं येनार? मंग मी गेलीच नाय."

मी म्हटलं, "ट्रस्टला येऊन सांगायचंस ना."

"फी तर भरलीच होती तुमी," ती म्हणाली. "अजून काय मांगायचं? लाज वाटली."

मग ती जे म्हणाली ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. तिच्या मोठ्या बहिणीलाही आपण शिकवलं होतं, तुमच्या शेवटच्या वर्षी. "तिला बाईंनी पाकीट दिलेलं. रिक्षाला, डब्याला. तिच्यापेक्षा मला दोन टक्के जास्त होते, ताई." बहीण आज वसईत नर्स आहे. तेच घर, तीच खाडी, तोच रस्ता. आपल्या फायलींत दोघींच्या नावापुढं एकच शब्द आहे, लाभार्थी.

पैसे परत घ्यायला मी नको म्हटलं. ही मदत असते, कर्ज नसतं, वगैरे सांगितलं. ती ऐकेना. "मंग कोनाला तरी रिक्षाला द्या," म्हणाली. शेवटी मी पैसे घेतले आणि पावती केली. कोणत्या सदराखाली लिहू ते कळेना, देणगी असं लिहिलं. पावतीची घडी घालून तिनं मोबाइलच्या कव्हरमागं ठेवली. मी विचारलं, पुन्हा शिकशील का, बाहेरून बारावी करता येते, सगळा खर्च आपण करू. ती हसली. "आता दुकान सकाळी मीच उघडते. शेट चावी माझ्याकडं देतो. बघू, फॉर्म द्या." फॉर्म घेऊन गेली. अजून आलेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी मीटिंग बोलावली. आपले आता एक तरुण सी.ए. आहेत, हिशेब तेच तपासतात. पाकीट पुन्हा चालू करायचं म्हणजे ते अडवणार असं धरून मी दोन पानी टिपण करून नेलं होतं. त्यांनी ते वाचलंच नाही. म्हणाले, "मॅडम, प्रवास-भत्ता म्हणून ठराविक रक्कम द्या आणि व्हाउचरवर मुलीची सही घ्या. बिलं कशाला लागतात?" मी विचारलं, "हे आधीही चाललं असतं? अकरा वर्षांपूर्वी?" ते म्हणाले, "हो, कधीही." आणि घड्याळाकडं बघून पुढच्या विषयावर गेले. कोणाला तरी विचारायला दोन मिनिटं लागली असती, बाई. त्या अकरा वर्षांत किती मुली अशा चार महिन्यांवर थांबल्या ते मी आता फायली काढून, फोन लावून शोधतेय. बऱ्याच नंबरांवर आता दुसरंच कोणी बोलतं. या जूनपासून पाकीट पुन्हा सुरू आहे. मुलाखतीही मी स्वतः घेते आणि पाण्याचं विचारते. तुम्ही असतात तर बरं झालं म्हणाला असतात. पण मला ते बरं झालं असं वाटत नाही.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. त्या दिवशी निघताना ती दाराशी थांबली होती. चिडून नाही, सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "ताई, ते पाकीट कोनी बंद केलं?" मी म्हटलं, "कमिटीनं." पाकीट बंद केलं त्या मीटिंगला आम्ही तिघंच होतो. ठराव माझा, अक्षर माझं. बाकी दोघांनी चहा येईपर्यंत सह्या करून टाकल्या होत्या. ती "बरं" म्हणाली, चपला घातल्या आणि जिना उतरली. खालच्या वळणापर्यंत तिची पावलं ऐकू येत होती. तेवढ्यात हाक मारता आली असती.

हे सगळं खरं तर तिला लिहायला हवं. तिचा पत्ता फॉर्मवर आहे, पिनकोडसकट. तुमचा कुठंच नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलेय.