बिजागरी माझीच

३ मार्च, सकाळी
कर्टिसच्या कंपनीवर दावा ठोकला. घडी होणाऱ्या फोनची बिजागरी माझी, पेटंट माझं. त्याने ती बिनदिक्कत ढापली. माझ्याच हाताखाली स्क्रू पिळायला शिकला हा बाबा. मी शाळा अर्धवट सोडली खरी, पण खरं-खोटं कळायला डिग्री लागत नाही. तीन महिन्यांत निकाल. फार तर चार.

१९ मार्च
संकल्प : इंटरनेटवर कर्टिसबद्दल चकार शब्द काढायचा नाही. वकीलबाई, मिसेस ताकेदा, यांनी बजावलंय : काहीही दाखवायचं तर आधी मला.

तोच दिवस, दुपारी
एकच पोस्ट टाकली. ‘उंदीर’ लिहिलं, नाव नाही लिहिलं. फोटो होता.

६ मे
कर्टिसचा निरोप : दावा मागे घ्या, दहा वर्षं बिजागऱ्या तुमच्याकडूनच घेतो. नदीन, माझी मुलगी, आमची मुख्य इंजिनिअर. म्हणाली, बाबा, घ्या ना पदरात, सव्वीस माणसांची घरं चालतील. म्हटलं, पोरी, टरकलाय तो. म्हणाली, टरकला नाही, कंटाळलाय. लहान आहे अजून. एकेचाळीस.

२ जून
सापडला! गॅरेजात जुना व्हिडिओ. सॅन होजेच्या प्रदर्शनात भर गर्दीत मी बिजागरी उघडतोय, मिटतोय. तारीख ठळक : पेटंटच्या अर्जाआधी चांगली दीड वर्षं! तेव्हा कर्टिसला बिजागरी कशाशी खातात ठाऊक नव्हतं. ताकेदाबाईंना दाखवणारच होतो, पण त्या जेवायला गेलेल्या. सरळ इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, आता बोल.

३ जून
बोलला. ‘थँक यू, लायल.’ म्हणजे हरला.
मग ताकेदाबाईंचा फोन. म्हणाल्या, लायल, वस्तू चारचौघांत दाखवल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर पेटंट बाद होतं, हे तुम्हाला कुठल्याच वकिलाने सांगितलं नाही? म्हटलं, वकील कशाला, अर्ज मीच भरला होता. पुसून टाकू का व्हिडिओ? म्हणाल्या, खबरदार! आता तो पुरावा आहे. त्यांचा.
बाई उगाच ताणतात.

२१ ऑगस्ट
पेटंट रद्द. न्यायाधीशांनी व्हिडिओ दोनदा पाहिला म्हणे. आवडला असणार.
मोठ्या मनाने कर्टिसला कळवलं, तडजोडीला तयार आहे. उत्तर आलं : कशाची?

९ ऑक्टोबर
सनीव्हेलच्या आमच्या कारखान्याची शेड रिकामी केली. बावीस जण कर्टिसकडे लागले. उरलेल्या चौघांचा फोन लागत नाही. नदीन तिकडे प्रमुख. निघताना म्हणाली, बाबा, वेळेवर जेवत जा. परत येईल. माझ्याशिवाय तिला करमत नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
नदीनचा फोन! कर्टिसच्या नव्या फोनचा मोठा समारंभ आहे. पडद्यावर माझा व्हिडिओ लावायचाय, परवानगी द्याल का? शेवटी यावंच लागलं ना दारात! ताबडतोब दिली. सूट बाहेर काढला. विचारलं, भाषण किती मिनिटांचं करू?
हळूच म्हणाली, बाबा, तुमचे फक्त हात घेतलेत.