भिंतीवरच्या मापाची नखं

बपेरा,
१२ फेब्रुवारी २०२३

तीर्थरूप बाबांना मंजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर मी विचारलं, की स्वयंपाक कोण करून देतं, आणि तुम्ही सांगितलं, की यंदा कोसा-रेशीम महाग आहे. हातमागाच्या खटखटीने तुमचे कान नेले, डोळे मात्र ठेवले, म्हणून आता पत्रच लिहीत जाईन.

हे हैदराबादलाच आहेत, कंपनीच्या गाडीवर. सुट्टी मिळेल तेव्हा येतात. सासूबाईंची उजवी बाजू दिवाळीपासून गेली ती गेलीच. त्यांना उठवणं, धुणं-पुसणं, भरवणं यात सकाळ निघून जाते. दुपारनंतर मात्र घर असं गप्प होतं, की मीच भांडी आपटते.

म्हणून एक नवा उद्योग काढला आहे, हसू नका. चिकटवायची नकली नखं! तुमसरच्या पार्लरमधले भाव ऐकूनच मी हात पदराखाली घेतले होते. मग बाजारातून बिनरंगाची नखं आणली. लग्नातलं नेलपेंट घट्ट झालं होतं, ते रिमूव्हरचे थेंब टाकून पातळ केलं. नखं कणकेच्या गोळ्यावर रोवते आणि खराट्याच्या काडीने रंगवते. गोंद लावत नाही, दोन्हीकडून चिकटणारी टेप लावते, म्हणजे तीच नखं पुन्हा वापरता येतात. तासभर घालून बसते, मग काढून डबीत ठेवते आणि भाकरी थापायला घेते. माझी स्वतःची नखं साबण-सोड्याने केव्हाच संपली.

त्यावर आपल्या करवतकाठी साडीचा काठ काढायचा आहे, पण करवतीचे दात जमत नाहीत. कसे काढू ते कळवा.

पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली,
मंजू

आंधळगाव,
२ मार्च २०२३

चि. मंजूस बाबांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हसू नको म्हणालीस, पण हसलो. घरभर कोसा विणणाऱ्याची पोर आणि रंगवते काय, तर नखं!

दात वेगळे काढायला गेलीस तर ते चिकटवल्यासारखे दिसतील. खालचा रंग ओला असतानाच वरचा रंग काडीने त्यात ओढ. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात जाऊन अडकतो, तेव्हा दात आपोआप होतो. तुला हे ठाऊक आहे, दुसऱ्या बाजूने धोटा तूच देत होतीस. तू गेल्यापासून मी करवत विणलेली नाही. एकट्याने होत नाही ती. साधं कापड विणतो, त्याला समोर माणूस लागत नाही. तुझी आई असती तर तीच बसली असती. असो.

तुझ्या यादोराव काकांच्या डिंपलचं लग्न ७ मे रोजी आपल्याच घरी ठरलं. तुला यायचंच आहे. दिवाळीला आली नाहीस, संक्रांतीला आली नाहीस. मी काही बोललो नाही, पण आता बोलतो.

सोबत नखांचं पाकीट पाठवतो. तुला न विचारता माप घेतलं. सासरी निघताना दारापुढच्या सपरीच्या भिंतीवर तू हळदीचे दोन हात लावून गेलीस ना, त्यांच्या बोटांवर धागा आडवा धरून दहा तुकडे तोडले आणि बेबीबाईच्या बांगड्यांच्या दुकानात नेले. तिने एकेक धागा धरून नखं निवडून दिली. आता लग्नासाठी घराला चुना मारायचा आहे. रंगाऱ्याला सांगितलं, की तेवढी जागा सोड. तो म्हणे, की बुढ्ढ्या, भिंत चितकबरी दिसंल. दिसू दे म्हटलं.

तुझ्यावरचा लोभ न सांगता ठेवणारा,
बाबा टिकाराम

बपेरा,
२० मार्च २०२३

तीर्थरूप बाबांना मंजूचा वाकून नमस्कार. वि. वि.

बाबा, काय हे! सगळीच नखं मोठी आली. अंगठ्याचं तर माझ्या दोन बोटांना पुरेल. हळदीचा हात भिंतीवर दाबला की पसरतो हो. त्यात तुम्हीच मागून सांगत होतात, की दाबून लाव, दाबून लाव, म्हणजे लवकर जायचे नाहीत. आधी खूप हसले, मग नखं हातात घेऊन रडले. तुम्ही त्या भिंतीसमोर धागा धरून उभे आहात, हेच डोळ्यांपुढून हलेना.

घासून लहान करायला हात धजला नाही. आत टेपचे दोन थर देईन, म्हणजे एक दिवस टिकतील. सांगितलंत तसा ओल्यात रंग ओढला आणि लाल-पिवळी करवत उठली! सासूबाई खाटेवरून सारं बघत होत्या. बोबड्या बोलीत म्हणाल्या, की मले बी लाव. त्यांच्या चांगल्या हाताला एक लावलं, तर संध्याकाळपर्यंत काढू देईनात.

सानगडीहून तेजस्विनी वन्सं चार दिवस आईजवळ राहायला येणार आहेत. त्यामुळे मी येते, नक्की येते. नखं लग्नातच घालणार. खरं सांगू? माझे हात बघून तुम्ही काही विचारू नये, म्हणून.

माहेरची पिशवी आत्ताच भरून ठेवलेली,
मंजू

बपेरा,
४ मे २०२३

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

वन्सं येत नाहीत. त्यांच्या मुलाला कावीळ झाली आहे, त्यांचा काय दोष! यांना सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, त्या तासभर बसतील म्हणाल्या, पण सासूबाईंना उचलणं त्यांना झेपणार नाही. सगळे मार्ग करून पाहिले, बाबा.

शेजारचे ईश्वरभाऊ उद्या मोहाडीला निघाले आहेत, तिथून आंधळगावला येतील, त्यांच्याजवळ हे पत्र आणि नखांची डबी देते. डिंपलला बसली तर घालू दे. रागावू नका. मी कोणावर रागावलेली नाही. एकटी पडले आहे, एवढंच.

मंजू

आंधळगाव,
९ मे २०२३

चि. मंजूस बाबांचे, आणि भिंतीजवळ उभं राहून तुझ्या आईच्या वतीनेही, आशीर्वाद. वि. वि.

लग्न नीट पार पडलं. बॅन्ड म्हणे फार मोठा होता, मी फक्त गाल फुगलेले पाहिले.

ईश्वरने डबी आणून दिली. डिंपलची बोटं काडीसारखी, तिला एकही नख बसेना. एक तर बुंदीच्या परातीत पडलं, ते मी शोधून काढलं. मग डबी घेऊन सपरीत बसलो. सगळी भिंत पांढरीफक्क आणि मधे तुझे दोन पिवळे हात. ताण्याला लावायची खळ घेतली आणि दहाही नखं त्या बोटांच्या टोकांवर चिकटवली. एकही मोठं झालं नाही, मंजू. माप त्यांचंच होतं ना.

येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून बघत होती. शेजारच्या कुंताबाईने माझ्या कानाला लागून विचारलं, की मंजू काहून नाही आली. मी म्हटलं, आली नं, ते पाह्य, सपरीत उभी हाये. ती हसली नाही. पदराने डोळे पुसून तिने तुझ्या हातांना कुंकू लावलं. निघताना डिंपलने आपले हळदीचे हात तुझ्या हातांशेजारीच उमटवले.

काल मांडव निघाला, पाहुणे गेले. माग पुसला आणि तुझ्या बाजूला पाट मांडून ठेवला. तुझे हात कसे झाले ते मी विचारणार नाही. सासूबाईंना बरं वाटेल तेव्हा ये, नाहीतर त्यांना घेऊन ये, खाट मी टाकतो. नखं खळीने घट्ट बसली आहेत. ती मी काढणार नाही, तुलाच यावं लागेल.

तुझा,
बाबा