डबेबडवणीचं राहिलेलं ताट

प्रिय बाबा,

पाकीट बघून तुला आधी विजेचं बिलच वाटेल. नाही, मीच आहे, ब्रोनी. फोनवर तू ‘हं, हं’ करत पेरणीवर घसरतोस आणि मला सांगायचं ते तसंच राहतं, म्हणून लिहायलाच बसले.

आम्ही मजेत आहोत. शाळेमागचं ते घर आता जरा घरासारखं दिसायला लागलंय, फक्त धुराडं अजून अर्धा धूर आतच सोडतं. मला आणि थालियाला, दोघींनाही खिडकीकडेच झोपायचं असतं. दात घासून जी आधी पलंगावर पोचेल तिची जागा, असं ठरलंय, आणि थालिया हल्ली दात नीट घासत नाही असा मला दाट संशय आहे. परवा रंगाच्या दुकानात मर्व्हला म्हटलं, माझ्या बायकोला स्वयंपाकघराला हिरवा रंग हवाय. ‘माझी बायको’ म्हणण्याची हौसच फिटत नाही बाबा. एवढ्याशा खरेदीत मी ते तीनदा म्हणून घेतलं. मर्व्हनं मान वर न करता विचारलं, फिका हिरवा की गडद, आणि वर सांगितलं की बायकोला हवाय म्हटल्यावर विषय संपला, त्याच्या घरीही त्याला कोणी विचारत नाही. तेवढ्यावर मी दिवसभर खूश होते.

थालिया तुला नवी नाही. सायलोच्या कोठारावर धान्य तपासताना तिनं तुझी बार्ली ओली आहे म्हणून अख्खी गाडी परत पाठवली होती, आठवतं? घरी येऊन तू चहा ढवळत म्हणाला होतास, पोरगी खमकी आहे, माझ्या आवाजाला घाबरली नाही. मी तेव्हा तुझ्याकडे पाठ करून भांडी घासत होते आणि गालातल्या गालात हसत होते. ती माझी कोण आहे हे तुला कळलं ते पुढं, आणि मग तू तिचं नावच घेईनासा झालास. लग्नाच्या दिवशी पेरणीयंत्राचा पट्टा तुटला म्हणालास आणि आला नाहीस. तुटला असेल. ते मी पुन्हा उगाळत नाही.

लग्नानंतर मात्र मला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. आपल्या गावात डबेबडवणी झाल्याशिवाय कुठलं जोडपं नांदायला लागलंय? लहानपणी तुझ्या गाडीत बसून मी प्रत्येक डबेबडवणीला आले आहे. दिवे बंद करून नव्या जोडप्याच्या फाटकाशी थांबायचं, सगळं गाव पत्रे आणि पातेली घेऊन जमलं की पहिला ठोका तुझा. नांगराची ती फुटकी तबकडी, तारेला टांगलेली, आणि तुझा मोठा पाना. दोन जड ठोके, एक हलका. मग जो काही गोंगाट व्हायचा, की नवरा-नवरीनं दार उघडून सगळ्यांना जेवायला आत घेईपर्यंत कुत्रीसुद्धा गप्प बसायची नाहीत. आमच्याकडे गाव येईल का, बाबा? लग्नाला नाचायला येणं वेगळं. नवं जोडपं म्हणून अंगणात उभं राहून डबे बडवणं वेगळं. आठवड्यामागून आठवडे गेले. मी गुपचूप आईच्या पद्धतीचे सॉसेज रोल करून फ्रीझर भरत होते. थालियाला यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण कोणीच आलं नाही तर निदान एकटीनं हिरमुसायचं. एकदा बर्फ काढायला गेली तर तिच्या पायावर रोलांचा ढीग कोसळला. तिला वाटलं, मी चोरून खाते.

आणि गेल्या शनिवारी, दिवेलागणीला, थालिया केसांना रंग लावून न्हाणीघरात बसलेली असताना अंगणात आभाळ कोसळलं. टॉवेल गुंडाळून, हातात संडासाचा ब्रश घेऊन ती दारात धावली. समोर अख्खं गाव. मर्व्ह रंगाचे डबे बडवतोय, टपालवाली डोरीन झाकणावर झाकण आपटतेय. थालिया ओरडली, "पोलिसांना बोलावू का?" मी रडत होते आणि हसत होते. डोरीन म्हणाली, "उशीर झाला गं पोरींनो. पेरणी उरकल्याशिवाय इथे कोणाला सवड असते?" म्हणजे एवढंच होतं. आम्हालाही सगळ्यांसारखंच ताटकळवलं होतं. मी किती काय काय मनात आणलं होतं.

सगळे रोल फस्त झाले. जाताना डोरीननं आमच्या फडताळातल्या खाण्याच्या एकूण एक बंद डब्यांवरचे नावाचे कागद सोलून नेले, रिवाजाप्रमाणे. तेव्हापासून जेवायला काय आहे हे डबा उघडल्यावरच कळतं. काल टोस्टवर पीच होते. परवा कुत्र्याचं खाणं निघालं. ते मी वासानं ओळखलं, थालियानं चवीनं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या गोंगाटात मी एक आवाज ओळखला, बाबा. अंगणातून नव्हता येत. फाटकापलीकडून, झाडाखालून येत होता. दोन जड, एक हलका. मी ताट वाढून धावत फाटकाशी आले तेव्हा तुझी गाडी वळणावर पोचली होती. मागचा डावा दिवा तू अजून बसवलेला नाहीस. मी ताट घेऊन तशीच उभी राहिले. मला इतका आनंद झाला होता आणि इतका राग आला होता, की थंडीचंसुद्धा भान नव्हतं. थालिया मागून आली, डोक्यावरून रंग ओघळतोय. मी सांगितलं कोण होतं ते. ती म्हणाली, "मग ते उपाशी गेले की." नियम तूच मला शिकवलास, ज्यानं डबा बडवला तो त्या घरी जेवल्याशिवाय परतत नाही. तुझं ताट राहिलंय. रविवारी दुपारी ये. कुठला डबा निघेल त्याची हमी नाही, पण थालिया म्हणते, तुझी बार्ली कोरडी निघाली तर ती स्वतः कोकरू भाजेल. येताना तबकडी आण आणि फाटकापासून वाजवत ये. दार उघडंच असेल, पण वाजवत ये. तिनं तो आवाज अजून नीट ऐकलेला नाही.

तुझीच,
ब्रोनी