बसून कापायचे टेबल आणि कोथरूडचा हिस्सा

मी, विजयमाला दशरथ इंगोले, माहेरची ढमाले, वय ३५, धंदा लाकडी नक्षीकाम, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी केली आहे. कमरेखालचे शरीर शाबूत नाही, पण कायद्याला त्याची गरज नाही.

१. कोथरूडची आमची वडिलोपार्जित जमीन. वडील आप्पासाहेब यांनी तिचा मोठा भाग १९९४ साली बिल्डरला दिला आणि माझे थोरले बंधू इंद्रजीत त्याच बांधकामावर देखरेखीला लागले. पुढच्या उन्हाळ्यात मी वडिलांचा डबा घेऊन तिथे गेले असता स्लॅब कोसळला आणि माझा कणा मोडला. स्लॅबखालचे टेकू लवकर काढायला दादांनीच सांगितले होते. पोलिसांना मात्र ते म्हणाले, "बहीण न विचारता आत शिरली." वडील शेजारीच उभे होते. गप्प राहिले. पुढे मरेपर्यंत त्यांना माझ्या डोळ्यांत बघून बोलता आले नाही.

उरलेल्या जमिनीतला माझा हिस्सा मी सोडलेला नाही. दादा दर दिवाळीला हक्कसोडपत्र पाठवतात. फराळ पाठवत नाहीत.

२. माझे टेबल. टेकू काढू नका असे बजावणारा त्या साइटवर एकच माणूस होता. वाशीमकडून आलेले सुतार दशरथ, जे पुढे माझे पती झाले. पोलिसांना खरे सांगितले म्हणून त्यांचे काम गेले. ते मला पाहायला आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलेली होते. लाकडात नक्षी कापायची मला शाळेपासून हौस. मी म्हटले, "आता संपलं ते. उभं राहता येत नाही."

"मंग बसून कापा नं जी. टेबल मी करतो, तुमच्या मापाचं."

बारीक पात्याचे विजेवर चालणारे मशीन त्यांनी आणले. स्वतःचे पाय गमछ्याने खुर्चीला बांधले आणि दिवसभर तसेच बसून कापत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "खांदे लई भरून येतात. टेबल खाली पायजे." मग उंची माझ्या कोपराशी जुळवली. मान वाकू नये म्हणून मशीन माझ्याकडे थोडे कलते केले. चाकांची खुर्ची आत सरकावी म्हणून पुढची आडवी पट्टी काढून टाकली. पायाने दाबायचे बटण उजव्या कोपराखाली आणले. थरथर अंगात जाऊ नये म्हणून खाली ट्रकच्या ट्यूबचे रबर ठोकले.

आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले. दादा म्हणाले, "त्याचा जमिनीवर डोळा आहे." दशरथनी जमीन कधी बघायलाही मागितली नाही. या टेबलावर मी आयटीवाल्यांच्या नव्या फ्लॅटच्या पाट्या कापल्या. त्यातल्या कित्येक आमच्याच शेतातल्या इमारतीत लागल्या. २००६ मध्ये दशरथ काविळीने गेले.

टेबल, मशीन व सर्व पाती मी कु. अपेक्षा वानखडे हिला देते. ती कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. स्कूटरच्या अपघातानंतर तीही चाकांच्या खुर्चीवर आहे आणि तीन वर्षे माझ्याशेजारी बसून कापते आहे. अपेक्षा, टेबल आहे तसे वापरू नकोस. ते माझ्या अंगाचे आहे. तू उंच आहेस, टेबलाच्या पायांखाली ठोकळे घाल. तू डावखुरी, बटण त्या बाजूला घे.

आणि बसायची गादी माझी घेऊ नकोस. ती जाळून टाक. दशरथ होते तोवर ते गादी वेळच्या वेळी बदलायचे आणि मधूनमधून हाक मारायचे, "उचला!" म्हणजे हातांवर भार घेऊन अंग वर करायचे. ते गेल्यावर हाक मारणारे कोणी उरले नाही. यंदा मखरांच्या ऑर्डरी होत्या. मी बसून राहिले. कमरेखाली मला काही जाणवत नाही; दुखले असते तर अंग उचलले असते. तूच म्हणालीस, "ताई, कसला तरी वास येतोय." तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. आता विष रक्तात आहे. तुला हाक मारणारे कोणी नसेल तर गजर लाव, पण उचल.

३. जमिनीतला माझा संपूर्ण हिस्सा अपेक्षालाच. त्यातून तिने तळमजल्यावर, उंबरठा नसलेली जागा घ्यावी आणि आमच्यासारख्या आणखी बायकांसाठी टेबले करावीत. प्रत्येकीचे माप बसवून घ्यावे.

४. मला विद्युतदाहिनीत न्यावे. दादांना यायला मनाई नाही. बोलायला आहे.

५. दुसऱ्या साक्षीदाराबद्दल. आज सकाळी प्रियदर्शनी वहिनी दादांचे हक्कसोडपत्र घेऊन आल्या. खाटेशेजारी बसून त्यांनी वरचे सगळे वाचले.

"टेकूंचं खरं आहे?"

"हो, वहिनी."

त्यांनी आणलेला कागद घडी करून पर्समध्ये परत ठेवला. "वन्सं, साक्षीदार कोण आहेत?"

"डॉक्टर. दुसरं अजून कोणी नाही."

"मग पेन द्या."

"घरी काय सांगाल?"

"सही झाली, एवढंच सांगेन. कोणाची, ते त्यांनी विचारावं."

हे मला वाचून दाखवले. माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही: विजयमाला दशरथ इंगोले

तिने आमच्यासमोर व आम्ही तिच्यासमोर सह्या केल्या:
१. डॉ. हिंमतराव शितोळे
२. सौ. प्रियदर्शनी इंद्रजीत ढमाले

पुणे, ९ डिसेंबर २०१०