आठची सुई

जे. पी. नगर,
३ जून २०२४

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

मी, व्यंकोजी मोहिते, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, कापडाचा निवृत्त व्यापारी, पूर्ण शुद्धीत कळवितो की तुझ्या आईसाठी नर्स नको. इन्सुलिनची सुई मी स्वतः बरोबर आठला टोचतो. नंतर बाहेरून कुलूप लावून देवळात जातो, अन्यथा ती रस्त्यावर निघते. साडेआठला परतून आम्ही न्याहारी करतो. ती तुझे नावही विसरली. परंतु माझ्याआधी घास घ्यावयाचा नाही, हे विसरलेली नाही.

शेजारच्या धनलक्ष्मीने जादा किल्ली मागितली. मी नकार दिला. सरी, म्हणजे बरे, अण्णा, राजवाडा तुमचा, असे आपल्या कानडी ढंगात म्हणून ती हसत गेली.

माया आहेच, तीत उणे पडू देऊ नये.

तुझा पिता
व्यंकोजी


इलेक्ट्रॉनिक सिटी,
७ जून २०२४

ती. आबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकत नाही, म्हणून तुमच्याच पद्धतीने लिहितोय. अमृता म्हणते, मामंजींना पत्र म्हणजे कोर्टातला अर्जच!

आबा, सुईनंतर अर्ध्या तासात आईच्या पोटात काही गेलं नाही, तर साखर एकदम उतरते, शुद्ध हरपते. डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय. मंगळवारी तुम्ही सव्वानऊला परतलात. आई आतून दार बडवत होती, असं धनलक्ष्मी अक्का सांगत होत्या.

आम्ही आईला नेत नाही, तुमचा संसार मोडत नाही. फक्त आधी तुम्ही दोघं खा, मग देऊळ. आणि एक किल्ली अक्कांकडे द्या. रागवा, पण एवढं ऐका.

तुमच्या रागासकट तुमचाच,
उपेंद्र


रुग्णालय,
१५ जून २०२४

चि. उपेंद्र यास आशीर्वाद.

लोकांना का सांगितले नाही, असे तू काल विचारलेस. उत्तर लिहून देतो.

गुरुवारी आठला सुई टोचली, कुलूप लावले. देवळाच्या पायरीवर भोवळ आली. लोकांनी रिक्षाने दवाखान्यात नेले. मी शुद्धीवर होतो. तेथील मुलीने दोनदा विचारले की, अज्जा, घरी कोण आहे? बायकोस कोंडून आलो, हे परक्यांसमोर मला सांगवेना. कोणी नाही, असे मी म्हणालो. दोन्ही वेळा.

साडेअकराला धनलक्ष्मीच्या यजमानांनी कुलूप फोडले. आत तुझी आई बेशुद्ध पडली होती, शेजारी तिने वाढलेली दोन ताटे होती. एकासही हात लागला नव्हता.

भोवळीचा दोष, असे अमृता म्हणते. ते खरे नाही.

लोभ ठेव, असे लिहिण्याचा अधिकार मला उरला नाही.

हे लिहिताना सूनबाई अमृता व शेजारीण धनलक्ष्मी हजर होत्या. दोघींना वाचून दाखविले. तुझी आईही हजर होती. तिने डोळे उघडले नाहीत.

व्यंकोजी मोहिते