कांद्याच्या पापुद्र्याची क्लिप

सर, मंगळवारी अकरावीच्या वर्गात तुमची क्लिप लावली आणि ती नेहमीच्या ठिकाणी थांबली नाही. तेव्हापासून तुम्हाला लिहावं असं मनात घोळतंय. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे घाई कसलीच नाही. तरी लिहिते.

तुम्हाला आठवत नसेल, पण आठवीत मी कांद्याच्या पेशींची आकृती इतकी सुबक काढली होती की शेजारच्या बाकावरच्या मुली वही मागून बघत होत्या. तुम्ही येता, वही उचलता, सूक्ष्मदर्शकात डोकावता, पुन्हा वहीत बघता. मग आवाज न चढवता म्हणता, "हा पुस्तकातला कांदा आहे. तुझा कुठंय?" मी भिंगाला डोळाच लावला नव्हता. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत आणि अख्खा पापुद्रा निघेपर्यंत कांदे मोडायला लावलेत. चार लागले. हाताचा वास जाईना म्हणून आई घरी हसत होती. पुढे ओतूरच्या कॉलेजात नोकरी लागली, पेढे घेऊन अवसरीला आले, तर तुम्ही कपाटातून तुमचा चिमटा काढून माझ्या हातावर ठेवलात. एक टोक किंचित वाकलेला, आठवीत पापुद्रा उचलायला दिलात तोच. तुम्हाला आता त्याचं काय काम, असं म्हणालात.

आणि त्या चिमट्याची मालकीण झालेल्या मी काय केलं? तुम्ही आजारी आहात हे कळलं होतं. ओतूरहून अवसरी म्हणजे नारायणगाव, मंचर करत दीड तास, फार तर दोन. मी फोन केला. विचारपूस झाली आणि लगेच म्हटलं, सर, पापुद्रा काढून दाखवा ना, काकूंना मोबाइलवर घ्यायला सांगा, मला वर्गातल्या स्लाइडमध्ये घालता येईल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मागितलं, असं मी रोजवहीत लिहून ठेवलंय. ते पान परवा उघडून पाहिलं. पुढच्याच ओळीत लिहिलंय, या रविवारी जाणं जमणार नाही.

क्लिप आली. स्वयंपाकघराचा ओटा, मागे कुकर, अंगात स्वेटर, हात पूर्वीपेक्षा बारीक. सुरुवातीला तुम्ही वर्गात बोलायचात तसं शुद्ध बोलता. पाकळी अशी मोडायची, मोडताना पापुद्रा आपणहून सुटतो, ओढायचा नाही. पापुद्रा बोटावर येतो, तुम्ही तो उजेडाकडे धरता, पलीकडची खिडकी दिसते. इथपर्यंत पन्नास सेकंद. पुढचं मी कापलं. स्लाइडवर व्हिडिओ घातला की खाली एक पट्टी येते, तिच्या शेवटाला लाल खूण असते. ती मागे सरकवली की तिथून पुढचं कुणाला दिसत नाही. मुलांना पुढचं कशाला, ते खासगी आहे, असं तेव्हा वाटलं. नऊ वर्षं ती स्लाइड लावतेय. पुढे काय आहे हे मीही जवळपास विसरले होते.

यंदा वर्गात नवीन संगणक आला. मी पेनड्राइव्हवर स्लाइड तेवढ्या नेल्या. फाइल जड होऊ नये म्हणून तुमची क्लिप मी स्लाइडच्या आत भरलीच नव्हती, बाहेरून जोडली होती. ती राहिली जुन्या संगणकात. पडद्यावर नुसता काळा चौकोन. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, कांदा लई काळा पडला." सगळे हसले, मीही हसले. फोनमध्ये मूळ क्लिप होती, ती पडद्याला जोडली आणि खिडकीचा पडदा ओढायला गेले. लाल खूण त्या स्लाइडपुरती होती, मूळ क्लिप अख्खीच होती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. पापुद्रा उजेडात धरून झाला आणि तुम्ही काकूंना विचारलंत, "चालू हाय का अजून? ऱ्हाऊ दे चालू." मग थेट माझ्याकडे बघून, घरच्या बोलीत: "चिमटा तुझ्याकडं हाय, म्हणून नखानं काढला. क्लिपवर भागवू नको, पोरी. एकदा ये. येताना चिमटा आण, बसून काढू दोघं."

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग गेलात का तुम्ही?"

मी म्हटलं, "हो, गेले होते."

खोटं नाही सर. गेले होते. पण कधी गेले ते सांगितलं नाही. तुमच्या दहाव्याला गेले होते. तिला उत्तर देतानाही मी ती लाल खूण मागे सरकवली, हे घरी येऊन वही उघडल्यावर कळलं. काल क्लिप अख्खी स्लाइडच्या आत भरली, कुठेही न कापता. पुढच्या तासाला त्या मुलीला दहाव्याचंही सांगायचं ठरवलंय. सांगेन की नाही, याची खात्री देत नाही.

हे काकूंना वाचून दाखवावं असं एकदा वाटलं. त्या अजून त्याच ओट्याशी असतात. पण नाही दाखवणार. कारण दहाव्याला चिमटा माझ्या पर्समध्ये होता. तो काकूंच्या हाती द्यायचा म्हणूनच नेला होता. त्यांनी विचारलं, "काही राहिलं का गं त्यांचं तुझ्याकडं?" आणि मी नाही म्हटलं. मला तो हवा होता.