रॅक नंबर चार कोण तापवतंय?

७ जुलै
आजपासून रोज लिहायचं. उद्या कोणी माझं श्रेय लाटलं तर पुरावा हवा. महाड-पोलादपूरच्या पतसंस्थांचे सर्व्हर ज्या डेटा सेंटरमध्ये आलेत, त्याचं कूलिंग डिझाइन माझं. पुराचं पाणी पोचू नये म्हणून दुसरा मजला, हीही आयडिया माझीच. अंकिताने आधी सांगितली होती, पण घाईघाईत. २१ तारखेला मालक अनिलशेठ कूलिंग इन्चार्ज नेमणार. मी किंवा ज्युनिअर अंकिता. म्हणजे मीच. सासरे महिपतराव पोलादपूरभर सांगून मोकळे झालेत.

९ जुलै
सर्व्हर रचलेल्या रॅकच्या पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर. मागची गल्ली कशी छान उबदार. घरी मात्र कपड्यांना बुरशी. बायकोने, राजश्रीने, दिलेले ओले टॉवेल रॅकच्या पाठीवर वाळत टाकले. वाया जाणारी उष्णता वापरणं, यालाच एनर्जी एफिशियन्सी म्हणतात. कोणाला बोललो नाही. आयडिया चोरतात.

१२ जुलै, दुपार
रॅक नंबर चार तापला. अलार्म. माझ्या डिझाइनमध्ये चूक शक्य नाही. कोणीतरी एसीचं सेटिंग बदलतंय. अंकिता आज स्वतःहून गुड मॉर्निंग म्हणाली. का?

१४ जुलै
राजश्रीने चादरी दिल्या. रॅकच्या पाठीला चपखल बसतात. चार नंबर आणखी तापला. अंकिता म्हणाली, मागे जाऊन बघूया का. जाऊ दिलं नाही. हिला नेमकं मागेच का जायचंय?

१५ जुलै
वॉचमन गोमाजीही सामील. पिशवीत काय हाय, म्हणून विचारतो आणि हसतो.

१७ जुलै
मागच्या गल्लीत गुपचूप कॅमेरा लावला. फुटेज आधी बघायचं नाही, थेट अनिलशेठसमोर लावायचं. म्हणजे फेरफार केला असं कोणी म्हणायला नको. सासूबाईंची गोधडी आली आहे. भिजून मणभर झालीये.

२१ जुलै
फुटेज लावलं. सगळे होते. महिपतरावांनाही मीच मुद्दाम बोलावलेलं. पडद्यावर रेनकोट घातलेला एक माणूस आला, पाठमोरा. मी शांतपणे म्हणालो, हाच तो. त्याने चार नंबरच्या पाठीवर गोधडी पसरली, कडा नीट खोचल्या, टोपी काढली आणि वळला.

गोमाजी म्हणाला, "सायेब, हे तर तुमीच. दुसरा कोन नाय."

कोणी हसलं नाही. त्याचं जास्त वाईट वाटलं. महिपतराव खाली मान घालून बसले. अंकिताने उठून, मागच्या गल्लीत जाऊन गोधडी काढली, आणि बघता बघता चार नंबर गार झाला. इन्चार्ज तीच.

२२ जुलै
मला घरी बसवलं. राजश्री विचारते, आता कपडे कुठे वाळवायचे? हॉलमध्ये दोरी बांधली, टेबलफॅन लावला. हवेचा प्रवाह स्वतः डिझाइन केला.

संध्याकाळी मोजे ओलेच. फॅनचा स्पीड कोणीतरी कमी केलाय. घरात आम्ही दोघंच, म्हणजे संशयित एकच.